हजेरी क्रमांक एक, पण कोणत्या तुकडीचा?

अशी कल्पना करा, की मधल्या सुट्टीत आठवीच्या तिन्ही तुकड्या मैदानावर खेळत आहेत. शाळेचे शिपाईमामा येतात आणि मोठ्याने सांगतात, "हजेरी क्रमांक एकला मोठ्या बाईंनी बोलावले आहे!" काय होईल? तीन मुले एकदम पुढे येतील आणि विचारतील, "कोणत्या तुकडीचा?" शिपाईमामा कपाळावर हात मारून म्हणतील, "अरे हो, 'ब' तुकडीचा."

माणसांच्या जगात अशी चूक लगेच सुधारते, कारण माणूस शंका विचारतो. संगणक मात्र शंका विचारत नाही. त्याला नुसते "क्रमांक एक" सांगितले, तर तो कोणालाही न विचारता यादीतील पहिल्याच क्रमांकाला, म्हणजे 'अ' तुकडीतील मुलाला, घेऊन येईल. आज अनेक विद्यार्थी शाळेत किंवा घरी मोबाइलसाठी ॲप तयार करायला शिकत आहेत. त्यांच्या पहिल्यावहिल्या ॲपमध्ये नेमकी हीच चूक होण्याचा संभव असतो. ती कशी होते, आणि ती टाळावी कशी, हे आपण या लेखात पाहू.

यादी म्हणजे वाटाड्या

मोबाइलवरचे बहुतेक ॲप उघडले, की समोर एक यादी दिसते. यादीतील एखाद्या ओळीवर बोट टेकवले, की त्या विषयाचे पान उघडते. म्हणजे ही यादी वाण्याच्या दुकानातील सामानाच्या यादीसारखी नुसती वाचण्यासाठी नसते. ती वाटाड्याचे काम करते. तिची प्रत्येक ओळ ही एकेका पानाकडे जाणारी वाट असते. साहजिकच अशा यादीकडून आपण दोन अपेक्षा करतो. एक म्हणजे हवी ती वाट चटकन सापडावी. दुसरी म्हणजे त्या वाटेने गेल्यावर आपण योग्य ठिकाणीच पोहोचावे.

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने 'प्रथमोपचार' नावाचे एक ॲप करायचे ठरवले. साप चावला, विंचू डसला, भाजले, विजेचा धक्का बसला, घशात घास अडकला, ऊन लागले, असे एकूण ३६ विषय निघाले. प्रत्येक विषयाचे एक पान लिहून झाले आणि गावातील डॉक्टरांकडून ते तपासूनही घेतले. आता या छत्तीस पानांकडे नेणारी यादी करायची आहे. नवशिका विद्यार्थी छत्तीस ओळी एकाखाली एक लिहून मोकळा होतो. ॲप चालते, सगळ्यांना आनंद होतो. पण मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम दहा-बारा ओळी मावतात. बाकीच्या ओळी पाहण्यासाठी यादी बोटाने वर सरकवावी लागते. घरात कोणाला साप चावला असताना थरथरत्या हाताने यादी सरकवत बसणे किती अवघड आहे, याचा विचार करा.

थोडे गणित करू या

एकामागून एक ओळ वाचत गेल्यास हवी ती ओळ कधी पहिल्याच फटक्यात सापडेल, तर कधी छत्तिसावी निघेल. प्रत्येक विषय शोधला जाण्याची शक्यता सारखी आहे असे मानू. मग सरासरी किती ओळी वाचाव्या लागतील? १ पासून ३६ पर्यंतच्या संख्यांची बेरीज ६६६ येते. तिला ३६ ने भागले, की उत्तर येते साडेअठरा.

आता याच यादीचे सहा विभाग करू. प्रत्येक विभागात सहा ओळी ठेवू आणि प्रत्येक विभागाला ठळक शीर्षक देऊ. शोधणारा आधी फक्त शीर्षके वाचेल. योग्य शीर्षक सापडेपर्यंत सरासरी साडेतीन शीर्षके वाचावी लागतील. मग त्या विभागातील सहा ओळींपैकी सरासरी साडेतीन ओळी. एकूण वाचन झाले सातचे. साडेअठरावरून आपण सातवर आलो!

विभाग सहाच का करायचे? दोन विभाग करून प्रत्येकात १८ ओळी ठेवल्या, तर सरासरी येते ११. तीन विभाग आणि बारा-बारा ओळी, तर साडेआठ. चार विभाग आणि नऊ-नऊ ओळी, तर साडेसात. सहा विभाग आणि सहा-सहा ओळी, तर सात. यापुढे विभाग वाढवले, की आकडा पुन्हा वाढू लागतो. बारा विभाग आणि तीन-तीन ओळी केल्या, तर साडेआठ. अठरा विभाग केले, तर पुन्हा अकरा. विभागांची संख्या आणि प्रत्येक विभागातील ओळींची संख्या सारखी झाली, की शोध सर्वांत लवकर लागतो. ६ हे ३६ चे वर्गमूळ आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

अर्थात हे गणित एका गृहीतावर उभे आहे. शीर्षक वाचताच आपला विषय त्याखाली आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. ते कळले नाही, तर त्याला प्रत्येक विभागात डोकावून पाहावे लागेल आणि मग साडेअठरापेक्षाही जास्त ओळी वाचाव्या लागतील. तेव्हा विभाग किती करावेत यापेक्षा कोणत्या तत्त्वावर करावेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

शीर्षक कोणाच्या मनातले?

चांगल्या वर्गीकरणाचा एक नमुना तुम्ही पहिलीपासून पाठ म्हणत आला आहात. तो म्हणजे आपली वर्णमाला. क पासून म पर्यंतच्या २५ व्यंजनांचे पाच वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात पाच अक्षरे आहेत. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूवरून, ट-वर्ग मूर्ध्यावरून, त-वर्ग दातांवरून आणि प-वर्ग ओठांतून उच्चारला जातो. म्हणजे विभाग मनाला येतील तसे पाडलेले नाहीत. उच्चार तोंडात कोठे होतो, हे एकच तत्त्व घेऊन आत कंठापासून बाहेर ओठांपर्यंत क्रमाने पाडलेले आहेत. पाच गुणिले पाच पंचवीस हे गणितही कसे नेमके जमले आहे पाहा!

आपल्या प्रथमोपचाराच्या यादीला कोणते तत्त्व लावावे? एखादा हुशार विद्यार्थी शरीरशास्त्राचे पुस्तक काढून म्हणेल, "श्वसनसंस्था, रक्ताभिसरणसंस्था, मज्जासंस्था असे विभाग करू या." हे वर्गीकरण शास्त्रीय आहे, यात शंका नाही. पण मग 'साप चावला' ही ओळ कोठे ठेवणार? नागाचे आणि मण्यारीचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते, तर घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड होतो. एकच ओळ दोन विभागांत जाऊ लागली! शिवाय ज्याच्या घरात ही घटना घडली आहे, त्याने साप अंधारात नीट पाहिलेलाही नसेल. त्याला एवढेच ठाऊक असते, की काहीतरी चावले.

मग अक्षरानुक्रमे लावावे का? फोनमधील नावांची यादी तशीच असते आणि ती सोयीची असते, कारण माणसाचे नाव आपल्याला आधीच माहीत असते. येथे मात्र विषयाचे नाव 'साप चावणे' असे लिहिले आहे, 'सर्पदंश' असे लिहिले आहे, की 'दंश – सापाचा' असे, हे शोधणाऱ्याला कसे कळावे? ज्या वस्तूचे नाव ठाऊक असते तिच्यासाठी अक्षरानुक्रम चांगला. नाव ठाऊक नसते, तेव्हा 'काय झाले?' या प्रश्नाच्या उत्तरावरून विभाग पाडावेत. 'चावले, डसले', 'भाजले, शॉक बसला', 'जखम झाली, हाड मोडले', 'श्वास कोंडला, बुडाला', 'पोटात विष गेले', 'चक्कर, ऊन, ताप' ही शीर्षके पाठ्यपुस्तकी नसतील, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी हेच शब्द येतात. वर्गीकरण करणाऱ्याने स्वतःच्या ज्ञानापेक्षा शोधणाऱ्याच्या गरजेकडे पाहायचे, हा यातला धडा.

आणखी एक गोष्ट. सगळे विषय सारख्या वेळा शोधले जातात, हे आपण गणितापुरते मानले होते. प्रत्यक्षात तसे नसते. ११२ आणि १०८ हे तातडीच्या मदतीचे क्रमांक प्रत्येक प्रसंगी लागतात. ते कोणत्याही विभागात न कोंबता यादीच्या अगदी वर ठेवावेत.

विभाग पडले आणि पत्ता बदलला

विज्ञान मंडळाने यादीचे विभाग पाडले. पहिला विभाग 'भाजले, शॉक बसला', दुसरा 'चावले, डसले' आणि पुढे बाकीचे. शीर्षके रंगीत केली. यादी देखणी दिसू लागली. पहिल्या काही ओळींवर बोट टेकवून पाहिले, बरोबर पाने उघडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता दुसऱ्या विभागातील पहिल्या ओळीवर, 'साप चावला' या ओळीवर, बोट टेकवून पाहा. पान उघडते ते 'भाजले' या विषयाचे! त्यावर लिहिलेले असते, की भाजलेला भाग गार वाहत्या पाण्याखाली धरा. सर्पदंशाच्या पानावर काय लिहिले होते? माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका, आवळून बांधू नका, जखम कापू नका, आणि वेळ न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्या. घाईत कोणी चुकीच्या पानावर विश्वास ठेवला आणि नळाखाली पाय धरून बसला, तर मोलाची मिनिटे वाया जातील. रंगीत शीर्षकांच्या सुंदर यादीने माणसाला भलत्याच वाटेला लावले.

असे का झाले? यादी सलग होती तेव्हा प्रत्येक ओळीचा पत्ता एका संख्येत मावत होता. 'ओळ क्रमांक ७' म्हटले, की सातवे पान. विभाग पडल्यावर प्रत्येक विभागात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. आता ओळीचा पत्ता दोन संख्यांचा झाला: विभाग दुसरा, ओळ पहिली. विद्यार्थ्याने यादी दिसते कशी ते बदलले, पण बोट टेकवल्यावर काय करायचे हे सांगणारी आज्ञा जुनीच ठेवली. त्या आज्ञेने फक्त ओळीचा क्रमांक घेतला आणि विभागाचा सोडून दिला. छत्तीस पानांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे पान असतेच, त्यामुळे प्रोग्रॅम अडलाही नाही आणि त्याने चूक झाल्याचे सांगितलेही नाही. शिपाईमामांनी 'अ' तुकडीतल्या मुलाला निमूटपणे नेऊन उभे केले.

गंमत अशी, की पहिल्या विभागात ही चूक कधीच दिसत नाही. तेथे विभागातला क्रमांक आणि संपूर्ण यादीतला क्रमांक एकच असतो. आणि आपण तपासताना नेमक्या वरच्याच दोन-चार ओळी तपासतो. म्हणून नियम असा करा: प्रत्येक विभागातील पहिली आणि शेवटची ओळ उघडून पाहिल्याशिवाय यादी बरोबर आहे असे म्हणायचे नाही.

दोन भागांचा पत्ता ही काही नवी कल्पना नाही. वर्णमालेत 'पाचवे अक्षर' म्हटले तर ङ, ञ, ण, न, म यांपैकी कोणतेही असू शकेल. 'तिसऱ्या वर्गातले पाचवे' म्हटले, की 'ण' निश्चित होतो. आपला पिनकोड तसाच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याच्या सहा अंकांपैकी पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा भाग दाखवतात आणि शेवटचे तीन अंक त्या भागातील टपाल कार्यालय दाखवतात. मुंबईचा ४००००१ आणि पुण्याचा ४११००१ हे दोन्ही '००१' नेच संपतात. पुढचे तीन अंक गाळले, तर मुंबईचे पत्र पुण्याला आणि पुण्याचे मुंबईला जायला वेळ लागणार नाही.

पडद्यामागे काय चालते?

ॲपलने २००८ साली आयफोनसाठी ॲप लिहिण्याची साधने बाहेरच्या प्रोग्रॅमरांना खुली केली. त्यांत याद्या दाखवण्यासाठी 'टेबल व्ह्यू' नावाचा घटक होता. त्याची काम करण्याची रीत मजेशीर आहे. त्याला स्वतःला यादीतले काहीच ठाऊक नसते. तो आपल्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारतो:

"विभाग किती?"
"या विभागात ओळी किती?"
"या विभागातल्या या ओळीत काय लिहू?"

तिसरा प्रश्न तो सगळ्या ओळींसाठी एकदम विचारत नाही. जी ओळ पडद्यावर येणार असेल, तिच्यापुरताच विचारतो. वर सरकून दिसेनाशा झालेल्या ओळीची चौकट खाली नव्या ओळीसाठी पुन्हा वापरतो. लग्नाच्या पंगतीत उठलेल्यांची ताटे धुऊन पुढच्या पंगतीला मांडावीत, तसाच हा प्रकार. म्हणून हजारो ओळींची यादीसुद्धा अडखळत नाही. बोट टेकवल्यावर हा घटक 'इंडेक्सपाथ' नावाचा पत्ता देतो. त्यात विभाग आणि ओळ असे दोन्ही क्रमांक असतात. त्यातला एकच वापरणे ही आपली चूक.

अँड्रॉइडवरील 'रिसायक्लर व्ह्यू' हा घटक मात्र विभाग ओळखत नाही. तो एकच सलग क्रमांक देतो आणि त्यात शीर्षकही एक ओळ म्हणून मोजले जाते. तेथे वर येऊन गेलेली शीर्षके वजा करावी लागतात. आपल्या यादीत 'साप चावला' ही सलग मोजणीने नववी ओळ होईल. तिच्या वर दोन शीर्षके आहेत. ९ मधून २ वजा केले, की ७ उरतात, आणि सातवे पान हेच तिचे पान. (प्रोग्रॅममध्ये मोजणी बहुधा शून्यापासून सुरू होते, हे मात्र ध्यानात ठेवा. तेथे याच ओळीचा क्रमांक ८ असेल.)

यापेक्षा सरस उपाय तुमच्या शाळेच्या कार्यालयातच आहे. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, तुकडीही बदलते. पण प्रवेश घेताना जनरल रजिस्टरमध्ये मिळालेला क्रमांक त्या शाळेत तुमचा एकट्याचा असतो आणि तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही येतो. तसाच प्रत्येक पानाला स्वतःचा कायमचा ओळख-क्रमांक द्यावा. ओळीवर बोट टेकवल्यावर "कितवी ओळ?" असे विचारण्याऐवजी "या ओळीत कोणते पान आहे?" असे विचारावे. मग विभाग बदला, ओळींचा क्रम बदला, नवे विषय घाला. वाट चुकणार नाही. ॲपलने २०१९ मध्ये आणलेल्या 'स्विफ्ट-यूआय' या पद्धतीत यादी करताना प्रत्येक गोष्टीला अशी ओळख द्यावी लागते, ती याच कारणासाठी. तेथे 'लिस्ट'च्या आत 'सेक्शन' आणि 'सेक्शन'च्या आत ओळी, अशी मांडणी सरळ लिहिता येते.

एक खड्डा मात्र सांभाळा. स्विफ्ट भाषेत विषयांचे गट पाडून ते 'डिक्शनरी' या प्रकारात ठेवले, तर त्या गटांना ठरलेला क्रम नसतो. ॲप बंद करून पुन्हा उघडले, की शीर्षके वेगळ्याच क्रमाने येऊ शकतात. काल वर असलेला 'चावले, डसले' हा विभाग आज तळाशी! म्हणून विभागांचा क्रम आपण स्वतः लिहून ठेवावा.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी

दृष्टिहीन व्यक्तीही मोबाइल वापरतात. आयफोनवरील 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइडवरील 'टॉकबॅक' ही साधने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. त्यांत एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जाण्याची सोय असते. म्हणजे आपले सातचे गणित त्यांनाही लाभू शकते. पण त्यासाठी ती ओळ शीर्षक आहे, हे प्रोग्रॅममध्ये सांगितलेले असले पाहिजे. अक्षरे मोठी आणि ठळक केली, की डोळस माणसाला शीर्षक कळते. वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या लेखी मात्र ती इतर ओळींसारखीच एक ओळ राहते, आणि दृष्टिहीन माणसाला पुन्हा छत्तीस ओळी ऐकाव्या लागतात.

करून पाहा

या प्रयोगाला मोबाइलची गरज नाही. पुठ्ठ्याची ३६ कार्डे घ्या. प्रत्येकावर एकेक विषय लिहा. तुमच्या गावातले पक्षी, झाडे, एसटीच्या फेऱ्या, काहीही चालेल. वर्गातील पाच-सहा मुलांना वेगवेगळे बसवून ती कार्डे गटांत लावायला सांगा आणि गटांना नावे द्यायला सांगा. कोणती कार्डे बहुतेकांनी एकाच गटात ठेवली, याची नोंद करा. तुमच्या यादीचे खरे विभाग तेच. एकाच कार्डावरून भांडण झाले, तर त्या कार्डाचे नाव किंवा गटाचे शीर्षक बदलून पाहा.

मग दोन कागद तयार करा. एकावर सलग यादी, दुसऱ्यावर विभागलेली. हा विषय माहीत नसलेल्या एखाद्या आजोबांना किंवा आजींना पाच विषय शोधायला सांगा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. आपल्या गणिताप्रमाणे फरक पडतो का? पडला नाही, तर दोष आजोबांचा नाही हे लक्षात ठेवा. आपली शीर्षके पुन्हा वाचा.

आणि ॲप तयार झालेच, तर ते कोणाच्या हाती देण्यापूर्वी शेवटच्या विभागातील शेवटच्या ओळीवर बोट टेकवून पाहायला विसरू नका.